चारही चाकांची ओढ

नाताळची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आपल्या फतेगंजातील पुष्कळ घरांतून मनाली, काश्मीर, लडाख ही नावे ऐकू येऊ लागतात. आणि अलीकडे त्यांच्या पाठोपाठ एक प्रश्नही हटकून येतो, की गाडी ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ घ्यावी काय? उत्तर देण्यापूर्वी या गाडीत नेमके निराळे काय असते, ते पाहणे इष्ट होईल.

सामान्य मोटारीत इंजिनाचा जोर पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांस मिळतो. उरलेली दोन नुसती गडगडत जातात. कोकणातील तांबड्या चिखलात (आम्ही कोकणी माणसे त्याला ‘चिखोल’ म्हणतो) किंवा हिमालयातील बर्फात नेमकी तीच दोन चाके घसरू लागली, तर इंजिन कितीही गरजले तरी मोटार जागची हालत नाही. चारही चाकांस जोर दिला म्हणजे कोठेतरी पकड लागण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या जीपने हा गुण जगास दाखविला. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने १९४७ मध्ये त्याच जीपची जोडणी आपल्याकडे सुरू केली. आजची ‘थार’ ही त्या घराण्यातलीच.

परंतु चारही चाके एकत्र जोडण्यात एक अडचण आहे. वळणावर बाहेरच्या चाकास आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, आणि पुढच्या चाकांस मागच्यांपेक्षा अधिक. एकाच आसावरील दोन चाकांतील तफावत ‘डिफरन्शियल’ नावाची दातेरी चाकांची रचना सांभाळते. पुढचा व मागचा आस यांच्यामध्ये मात्र अशी रचना थार, जिम्नी यांसारख्या गाड्यांत नसते. म्हणून त्यांत चारही चाकांचा जोर चालकाने स्वतः, आणि निसरड्या वाटेवरच, जोडायचा असतो. कोरड्या डांबरी सडकेवर तो तसाच ठेवल्यास वळताना गाडी अडखळते व यंत्रावर ताण येतो. याउलट ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ म्हणविणाऱ्या गाड्यांत ही जोडणी बहुधा आपोआप होते; पुण्याजवळ रांजणगाव येथे तयार होणाऱ्या ‘जीप कंपास’च्या काही प्रकारांत अशी सोय आहे. ज्यांचा प्रवास बहुतांशी चांगल्या सडकेचा व मधूनच थोड्या बर्फाचा, त्यांना ही दुसरी जात बरी. ज्यांना खडकाळ चढ आणि ओढ्यांची पात्रे नित्य ओलांडायची आहेत, त्यांनी पहिली घ्यावी. कारण तिच्यातील ‘लो’ गिअरमुळे चाके सावकाश पण मोठ्या जोराने फिरतात, आणि उतारावर इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते.

आता खरी गोम. चार चाकांची ओढ गाडी चालविते, ती थांबवीत नाही. ब्रेक तर साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात! थांबणे अवलंबून असते ते टायर व रस्ता यांच्या घर्षणावर. घर्षणाचा गुणांक कोरड्या डांबरावर सुमारे ०.७, तर निसरड्या बर्फाच्या काचेवर सुमारे ०.१. वेगाच्या वर्गाला, हा गुणांक व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागले की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर येते. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे: डांबरावर ९ मीटर, काचेवर ६३ मीटर! क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्यांहूनही अधिक. या गणितात गाडीचे वजन कोठेच येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. जड गाडी बर्फावर लवकर थांबते हा निव्वळ भ्रम होय.

चढताना गाडी इतकी सहज चढते की खाली बर्फ आहे याची जाणीवच चालकास होत नाही. ती होते पहिल्या उतारावर. हिमवृष्टीनंतर मनालीपुढे सोलंगच्या बाजूस अनेकदा फक्त फोर-व्हील गाड्याच सोडतात, आणि त्याही तेथे घसरतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग व अटल बोगदा यांच्या दरम्यान शेकडो वाहने अडकून पडली होती.

यास्तव पैसा प्रथम टायरवर खर्चावा. आपल्याकडील नेहमीच्या टायरांचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरांचे थंडीतही मऊ राहते. ते नसतील तर लोखंडी साखळ्या, त्याही जोर मिळणाऱ्या चाकांवर, आणि मग गाडी अगदी हळू. त्या चढविण्याचा सराव घरच्या अंगणातच करावा. तेथे बोटे गारठलेली असतात. दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्या कुटुंबाने तर, माझ्या मते, मनालीपर्यंत आगगाडीने व बसने जावे आणि पुढे तेथील वाहन तेथल्याच चालकासह भाड्याने घ्यावे.

काही पालक म्हणतात, विश्वामित्रीच्या पुरात तरी ही गाडी उपयोगी पडेल. ऑगस्ट २०२४ चा पूर आपण सर्वांनी पाहिला. मोटारीचा तळ ४ मीटर लांब व १.६ मीटर रुंद धरला, तर तळाच्या वर पाणी केवळ १५ सेंटिमीटर चढले की सुमारे ९६० लिटर पाणी बाजूस सारले जाते; म्हणजे जवळजवळ एक टन भार पाणीच उचलते. मग चाके जमिनीवर टेकतात न टेकतात, आणि जोर दोन चाकांना आहे की चारांना, हे प्रवाहाला सारखेच.