दम्याचा पंप कोणता कशासाठी, हे विचारून घ्या

लोहाऱ्याच्या वस्तीत घरोघरी फिरताना घरात दमेकरी असला की आम्ही आधी औषधांची पिशवी मागतो. मागच्या हिवाळ्यात एका आजीच्या पिशवीत दोन पंप निघाले. निळा पार रिकामा, दुसरा सीलबंद. सून म्हणाली, "थो रोजचा हाय म्हणे. पण आजीले आता बरं वाटते. अन् पंपाची सवय लागते ना ताई, मंग सुटत नाई."

त्याच महिन्यात आजीला रात्री दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. आम्ही सुनेला दोष देत नाही. गर्दीत दोन पंप हातात पडले, कोणता कशाचा ते कोणी सांगितलं नाही, आणि हिची विचारायची हिंमत झाली नाही.

दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात. धूळ, धूर, थंडी, सर्दी लागली की त्या आवळतात आणि छातीत घरघर सुरू होते. निळ्या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल असतं. ते आवळलेली नळी काही मिनिटांत मोकळी करतं, पण सूज तशीच राहते. सूज उतरवणारं औषध वेगळं, ब्युडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन. ते रोज घ्यायचं असतं आणि त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटतं म्हणून बंद केलं की सूज हळूहळू परत येते, आणि कळतं तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात. दम्याच्या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या 'गिना' या जागतिक तज्ज्ञगटानं २०१९ पासून सांगितलं आहे की मोठ्या माणसांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये.

स्टेरॉइड म्हटलं की लोक घाबरतात. पण पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि तो थेट छातीत जातो. दर वेळी गोळ्या-इंजेक्शनं घेतली तर अंगात त्याच्या कितीतरी पट स्टेरॉइड जातं. पंपाचं व्यसन लागत नाही. फवाऱ्यानंतर खळखळून चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना पिशवी उचला. जुन्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, मेडिकलमधून आणलेलं सगळं त्यांच्या टेबलावर ठेवा. विचारा: डॉक्टरसाहेब, यातलं रोजचं कोणतं आणि दम लागल्यावरचं कोणतं? रंगावर जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. काही पंपांत दोन औषधं एकत्र असतात, आणि काही रुग्णांना तोच पंप दोन्ही वेळी घ्यायला सांगतात. म्हणून उत्तर कागदावर लिहून घ्या. किती फवारे, दिवसातून किती वेळा, किती दिवस, आणि पंप घेऊनही दम थांबला नाही तर काय करायचं, तेही. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप लागत असेल तर ते न विचारताच सांगा. दमा ताब्यात नसल्याची ती खूण आहे.

बीपीची किंवा हृदयाची गोळी, काचबिंदूचे थेंब चालू असतील तर नक्की सांगा. प्रोप्रानोलॉलची गोळी आणि टिमोलॉलचे थेंब दमा उसळवू शकतात. अंगदुखीच्या गोळीनं कधी दम लागला असेल तर तेही सांगा. सून-लेक गरोदर असेल तर मनानं पंप बंद करू नका. आईला हवा कमी पडली की बाळालाही कमी पडते.

मग पंप त्यांच्यासमोर किंवा सिस्टरसमोर ओढून दाखवा. आम्ही वॉर्डात होतो तेव्हा पाहिलं, निम्मं औषध जिभेवरच पडायचं. रोटाकॅप गिळणारेही पाहिले. ती कॅप्सूल यंत्रात घालून ओढायची असते. लेकरांना आणि म्हाताऱ्यांना स्पेसरचं नळकांडं मागा. पैसे नसले तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडूनही ते होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ साली लेकरांवर तपासून पाहिलं, अशी बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली. फट मात्र बंद करून घ्या.

डॉक्टर चिडतील म्हणून गप्प बसू नका. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. पंप महाग पडत असेल तर तेही स्पष्ट बोला. प्राथमिक आरोग्य केंद्रात, यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जनऔषधी दुकानात तेच औषध मिळतं का, ते विचारा.

घरातलंही बघा. चुलीचा धूर, बिडी, जिनिंगमधून कपड्यांवर आलेली कापसाची धूळ. वंदनेला मेणबत्ती आणि फुलं पुरेत, दमेकरी असलेल्या खोलीत अगरबत्ती नको. आणि मृगाला हैदराबादला जाऊन मासा गिळून दमा जात नाही. त्या भाड्यात पंप येतो.

त्या आजीचा दुसरा पंप आता दात घासायच्या ब्रशजवळ असतो. आधी फवारे, मग ब्रश, म्हणजे चूळ आपोआप होते.

रोगी एक वाक्य पूर्ण बोलू शकत नसेल, बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील, तर सकाळची वाट पाहू नका. बसतं करा, आडवं पाडू नका, निळा पंप स्पेसरनं एकेक फवारा करून देत राहा आणि १०८ ला फोन लावा.