बोला, फोन लिहील. पण पैसे कशाला?

ताईंनो, दहिसरच्या गटात प्रोसिडिंग कोण लिहिणार म्हटलं की सगळ्या एकमेकींकडे बघतात. आता बोलून लिहिता येतं. मोबाईलच्या जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा, माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. संगणकावर क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडलं तरी हीच सोय फुकट मिळते. विकतचं नावाजलेलं ‘ड्रॅगन’ इंग्रजी, फ्रेंच, जर्मन लिहितं, मराठी नाही. म्हणून पैसे भरण्याआधी मराठीत दोन वाक्यं बोलून तपासा.

पंख्यापासून लांब बसा, एकेकीनं सावकाश बोला. नावं आणि रकमा मात्र हातानंच तपासा. अडीचशेच्या जागी साडेतीनशे पडले, तरी खाली सही आपलीच असते. म्हणून आधी मोठ्यानं वाचून दाखवा, मगच सह्या घ्या.