माहितीसाठा आणि मधला कारकून

हैदराबादच्या बरकतपुरा भागातील भविष्य निर्वाह निधी कार्यालयात कामगार दप्तरखान्यात शिरत नाही. विहित नमुन्यात अर्ज करतो. संगणकातही हीच शिस्त हवी. रिचर्ड हिप यांनी २००० साली निर्मिलेल्या ‘एसक्यूलाइट’मध्ये सारा माहितीसाठा एकाच फाइलीत मावतो. सोय मोठीच, परंतु फाइल हाती लागलेल्यास अडविणारा संकेतशब्द त्यात मुळात नाही. यास्तव फाइल आणि ती वापरणारी प्रणाली यांच्यामध्ये ‘प्रोटोकॉल सर्व्हर’ नेमतात. प्रोटोकॉल म्हणजे विनंतीचा विहित नमुना. सर्व्हर हा ती तपासणारा कारकून. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींसाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा असा खुला नमुना नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. शिधापत्रिकांची यादी वाचू द्यावी, खोडू देऊ नये, हा निर्बंध मात्र सर्व्हर बसविणाऱ्यानेच घालावयाचा असतो.