‘व्हेरी’ची वंशावळ
इंग्रजीत क्षणोक्षणी वापरले जाणारे ‘व्हेरी’ हे क्रियाविशेषण मुळात इंग्रजी नाही आणि त्याचा मूळ अर्थही ‘फार’ असा नव्हता. ‘खरा’ या अर्थाच्या ‘वेरस’ या लॅटिन विशेषणाच्या कुळातून जुन्या फ्रेंचमध्ये ‘वेराई’ हे रूप आले, आणि 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर जे असंख्य फ्रेंच शब्द इंग्रजीत मिसळले त्यांत तेही होते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसरने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये सरदाराचे वर्णन करताना ते ‘खरा’ याच अर्थी योजले आहे. पुढे ‘व्हेरी’च्या पाठोपाठ दुसरे विशेषण येऊ लागले, ‘खरा’चे ‘खरोखर’ झाले आणि ‘खरोखर’चा जोर झिजून केवळ प्रमाण दाखवणारा ‘अतिशय’ उरला. अर्थाच्या अशा झिजेला भाषाशास्त्रात ‘अर्थक्षय’ म्हणतात. ‘व्हेरी’च्या आधी ‘फार’ हा अर्थ दाखवण्याचे काम जुन्या इंग्रजीत ‘स्वीथे’ हा, मूळ अर्थ ‘जोरदारपणे’ असलेला, शब्द करीत असे. नंतर ‘फुल’ आणि ‘राइट’ आले, ज्यांपैकी ‘राइट’ आता प्रमाण इंग्रजीत मुख्यतः ‘राइट ऑनरेबल’सारख्या पदव्यांपुरता, काहीसा निवृत्त अधिकाऱ्यासारखा, टिकून आहे. जर्मनांनी वेगळीच वाट धरली, कारण त्यांचा ‘झेअर’ (अर्थ ‘फार’) मुळात ‘वेदनापूर्वक’ या अर्थाचा होता आणि दुखऱ्या जागेसाठीचा इंग्रजी ‘सोअर’ हा त्याचाच भाऊबंद आहे. ‘व्हेरी’चा जुना अर्थ मात्र पुरता लोपलेला नाही: ‘द व्हेरी मॅन’ म्हणजे ‘नेमका तोच माणूस’, आणि ‘व्हेरिफाय’ व ‘व्हर्डिक्ट’ या शब्दांतही तोच ‘वेरस’ आहे.