थकबाकीदार कोण?

बँकेच्या नोकरीत मी किती कर्जे मंजूर केली, ते आता आठवत नाही. एक कर्ज मात्र निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही.

नव्वदचे दशक सरता सरता मी फलटण तालुक्यातल्या एका शाखेत मॅनेजर होतो. लोणंद-फलटण-बारामती रेल्वेमार्ग मंजूर झाला होता आणि चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत दुसरा विषय नव्हता. अशातच आमचे एक जुने खातेदार, ज्यांना सगळा गाव आबा म्हणे, गोदामाचा प्रस्ताव घेऊन आले. लोणंदची कांद्याची पेठ हाकेच्या अंतरावर. उद्या रेल्वे आली की कांदा, गूळ साठवायला जागा लागणारच. मी जागा पाहिली, सातबारा तपासला, अडीच लाख मंजूर केले. अहवालात स्वतःच्या हाताने लिहिले, ‘रेल्वे सुरू होताच गोदामास उत्तम भाडे मिळेल.’ साल लिहिले नाही. मनात तीन वर्षे धरली होती आणि हप्तेही त्याच बेताने बांधून दिले होते.

रेल्वे आली नाही. व्याज मात्र दर तिमाहीला आले. शेकडा पंधराच्या चक्रवाढीने रक्कम पाच वर्षांच्या आत दुप्पट होते, हे गणित बँकेतला शिकाऊ कारकूनही जाणतो. वसुलीची नोटीस माझ्याच सहीने गेली. आबा ती घेऊन शाखेत आले. चष्मा आणला नव्हता म्हणून त्यांनी ती मलाच वाचायला लावली. ऐकून झाल्यावर म्हणाले, “सायेब, उशीर झाला म्हणून मला नोटीस आली. रेल्वेला कोण धाडतं हो?”

मी हसून वेळ मारून नेली. आबांनी दोन एकर विकून एकरकमी तडजोडीत खाते मिटवले. माझी बदली झाली.

लोणंद ते फलटण हे अंतर आहे अवघे २६ किलोमीटर. त्यावर प्रवासी गाडी धावली ती २०१९ साली. पुण्याला जाणारी डेमू सुरू झाली ३० मार्च २०२१ रोजी, आणि तेव्हाही पुढचा फलटण-बारामती टप्पा व्हायचाच होता.

सरकारी कामातली नासाडी म्हटली की आपल्याला टक्केवारी आठवते, पहिल्या पावसात वाहून जाणारे डांबर आठवते. ते खोटे नाही. पण जन्म व्याजाच्या हिशेबात गेलेल्या माणसाला दुसरीही नासाडी दिसते. तिच्यात कोणी पैसा खाल्लेला नसतो, म्हणून तिचा बोभाटाही होत नाही. ती नासाडी वेळेची. शंभर कोटींचे काम वीस वर्षे रखडले आणि महागाई सालाला सात टक्के धरली, तर तेच काम ३८७ कोटींच्या घरात जाते. शिवाय आधी मातीत घातलेला पैसा गाडी धावेपर्यंत एक छदाम मिळवत नाही. जमिनीचेही तसेच. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ लागला. शेतकऱ्याला तो मिळालाच पाहिजे. पण जी जमीन आधीच घ्यायला हवी होती, तिच्यासाठी हा वाढीव खर्च खजिन्याला दिरंगाईने करायला लावला.

फलटणहून बदली झाली ती मिरजेला. तिथे हाच खेळ मोठ्या पटावर मांडलेला होता. मिरज-लातूर ही बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये पहिला तुकडा बांधला तो फक्त बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी एवढाच. पुढे पंढरपूर, लातूर असे करत लाइन मिरजेला पोचली १९२७ साली. तीस वर्षे लागली खरी. पण प्रत्येक तुकडा पुरा होताच कमाईला लागे. वारकरी आणि कापूस त्यावरून जात, आणि पुढचा तुकडा हाती घेतला जाई.

या लाइनचे रुंदीकरण नव्वदच्या दशकात मंजूर झाले. कुर्डुवाडी-पंढरपूर तुकडा २००२ मध्ये रुंद झाला, लातूर-उस्मानाबाद २००७ मध्ये, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ मध्ये आणि मिरज-पंढरपूर त्याच्याही नंतर. म्हणजे काही वर्षे अशी गेली की मिरजेकडून छोटी गाडी, मध्ये पन्नासेक किलोमीटर मोठी गाडी आणि पलीकडे लातूरपर्यंत पुन्हा छोटी गाडी! कवठे महांकाळच्या बाजूचे आमचे खातेदार म्हणत, नव्या नवरीला अर्धाच शालू नेसवला. जो माल पूर्वी मिरजेला एकदाच डब्यातून डब्यात टाकावा लागे, तो आता दोनदा-तीनदा उतरवण्याची पाळी. व्यापाऱ्यांनी ट्रक धरला तो धरलाच.

असे का होते? शंभर कामे मंजूर करायची आणि प्रत्येकाला चिमूटभर तरतूद द्यायची, ही आपली रीत. २०१६ पर्यंत रेल्वेचे अंदाजपत्रक वेगळे मांडले जाई, तेव्हा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आपल्या जिल्ह्याचे नाव शोधायचे, एवढाच आपला अर्थशास्त्राचा अभ्यास. नाव दिसले की पेढे. कराड-चिपळूण मार्गाची सर्वेक्षणे आणि घोषणा आमच्या पिढीने किती ऐकल्या! टाळ्या मंजुरीला पडतात, पूर्ततेला नाही, आणि पुढारीही टाळ्या पाहूनच पावले टाकतो. यात आपणही भागीदार आहोत.

खासगी पैसा आणला की सगळे सुरळीत होते, असेही नाही. पुणे-सातारा महामार्गाच्या १४० किलोमीटरचे सहापदरीकरण बांधा-वापरा तत्त्वावर ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले. मुदत तीस महिन्यांची, म्हणजे मार्च २०१३ पर्यंतची. मुदत उलटून वर्षांमागून वर्षे गेली. टोल मात्र पहिल्या दिवसापासून खेड-शिवापूरला आणि आनेवाडीला चालू. अर्धवट पुलाशेजारच्या वळणरस्त्यावर आदळत आपण न झालेल्या रस्त्याचे पैसे मोजत होतो. बँकेत घराचे कर्जही बांधकाम बघून टप्प्याटप्प्याने सोडतात. इथे पाया दिसायच्या आत भाडे सुरू!

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. डेन्मार्कच्या बेंट फ्लायव्हबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचे हिशेब तपासून २००२ मध्ये निष्कर्ष मांडला. दहांपैकी नऊ कामे अंदाजापेक्षा महाग पडली आणि रेल्वेची सरासरी वाढ ४५ टक्के निघाली. त्यांचे म्हणणे असे की, ही नुसती चूक नव्हे; काम मंजूर व्हावे म्हणून आकडा मुद्दाम लहान दाखवला जातो. हे वाचले तेव्हा मला माझाच अहवाल आठवला. मी खोटे लिहिले नव्हते. पण कर्ज व्हावे असे मलाही वाटत होते, म्हणून साल लिहायचे टाळले होते.

रेल्वे नकोच, असे मात्र मी म्हणणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांच्या घशाला कोरड पडली, तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन गाडी गेली ती याच रुंद झालेल्या मार्गाने. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख. मार्ग पुरा झाला होता म्हणून हे जमले. तो अर्धवट असता तर तेच पाणी पंढरपूरला उतरवून पुन्हा भरत बसावे लागले असते.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कामाच्या फलकावर पाहुण्यांच्या नावांखाली मूळ रक्कम आणि मूळ तारीख ठळक लिहावी. मुदत वाढली की जुना आकडा न पुसता खाली नवा लिहावा, कारणासह. बँकेच्या खातेवहीत खाडाखोड चालत नाही. तीच शिस्त इथेही हवी. आणि हातचे काम पुरे होईपर्यंत त्या खात्याने जिल्ह्यात नवा नारळ फोडू नये.

डेमू सुरू झाल्यावर एकदा मुद्दाम फलटणला गेलो. आबा आता नाहीत. गोदाम आहे, नातवाने त्यात कडबा भरला आहे. त्याने चहा दिला आणि सहज विचारले, “काका, तुम्हीच ना ते बँकेवाले साहेब?”

मी हो म्हणालो. आबांचे उत्तर माझ्याकडे अजून नव्हते.