रस्त्याचं माप भिंतीपासून

डांगे चौक म्हणजे पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावचा मध्य. हिंजवडी, चिंचवड, औंध आणि रावेतकडची वाहतूक इथे एकवटते. 2015 मध्ये सांगवी–किवळे बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतली जलद बससेवा, सुरू झाली. तिचे थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत. बस गाठायची तर अर्धा रस्ता पायी ओलांडावाच लागतो. असा रस्ता चालणाऱ्यांच्या सोयीचा कसा होतो, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

सहसा आधी गाड्यांचे पट्टे आखले जातात आणि उरलेल्या जागेत फुटपाथ बसवला जातो. चांगली रचना उलट, म्हणजे इमारतीच्या भिंतीपासून सुरू होते. दुकानासमोर थांबून वस्तू पाहणाऱ्यांसाठी अरुंद पट्टी, मग चालण्याची मोकळी वाट आणि शेवटी झाडं, दिव्याचे खांब, विजेच्या डीपी पेट्या व बाकांची पट्टी. मधली वाट किमान 1.8 मीटर हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी अडू नयेत, एवढी ही जागा.

ही जागा आणायची कुठून? समजा, रस्ता 18 मीटरचा आहे आणि मधे दुभाजक नाही. साडेतीन मीटरचे चार पट्टे आखले, तर प्रत्येक बाजूला दोनच मीटर उरतात. झाड आणि खांब आले की वाट संपलीच. पट्टे तीन मीटरचे केले, तर दोन्हीकडे तीन-तीन मीटर मिळतात. चार पट्टे तसेच राहतात आणि अरुंद पट्ट्यात चालक आपोआप वेग आवरतो. बसच्या मार्गावर मात्र बसचा पट्टा थोडा रुंद ठेवावा लागतो.

पुढचा प्रश्न उंचीचा. फुटपाथ 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा. तो गुडघाभर उंच असेल, तर आजी-आजोबा चढ-उतार टाळून सरळ रस्त्यावरून चालतात. सोसायटीच्या गेटपाशीही फुटपाथ तुटू नये. तिथे गाडीने उतारावरून फुटपाथवर चढून पलीकडे जावं. चालणाऱ्याची पातळी बदलू नये. रस्ता ओलांडायच्या जागीही तसंच: झेब्रा पट्टे फुटपाथच्या पातळीवर उचलले, की तोच गतिरोधक होतो. चौकातले कोपरे कमी गोलाईचे ठेवले, तर गाडीला वळताना वेग कमी करावा लागतो आणि पायी ओलांडायचं अंतरही घटतं.

हातगाड्या हटवून फुटपाथ मोकळा होत नाही. जिथे गिऱ्हाईक, तिथे विक्रेता परत येतोच. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीची तरतूद केली आहे. तिच्याशी बोलून झाडांच्या पट्टीतच हातगाड्यांना ठरलेली जागा दिली, तर चालण्याची वाट मोकळी राहते. संध्याकाळी वर्दळ राहिल्याने रस्ता सुरक्षितही वाटतो.

फरशी बसवण्याआधी जमिनीखालचं काम उरकावं लागतं. पावसाळी गटार, जलवाहिनी आणि केबलसाठी पाइप टाकून ठेवले नाहीत, तर नवा फुटपाथ लवकरच खोदला जातो. चेंबरचं झाकण फरशीच्या पातळीत बसलं पाहिजे.

एवढा खर्च करण्याआधी रचना तपासताही येते. रंग, शंकू आणि कुंड्या वापरून नवी आखणी काही आठवडे प्रत्यक्ष वापरून बघायची, लोक कुठून ओलांडतात ते मोजायचं आणि मगच सिमेंट ओतायचं. केंद्र सरकारने 2020 मध्ये सुरू केलेल्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ उपक्रमात याच पद्धतीवर भर होता. 2022 मध्ये जाहीर झालेल्या विजेत्या शहरांत पिंपरी-चिंचवडही होतं.

म्हणजे ही विद्या आपल्या शहराला नवी नाही. आपल्या रस्त्याचं काम निघालं, की निविदेआधी त्याचा ठिकठिकाणचा आडवा छेद दाखवणारा नकाशा मागा. त्यात भिंतीपासून मोजत या आणि 1.8 मीटरची वाट एका चौकापासून दुसऱ्यापर्यंत कुठे तुटते ते शोधा. कागदावरची रेघ तेव्हाच बदलून घेता येते. काँक्रीट पडल्यावर तीच चूक पुढे वर्षानुवर्षं पायांनी सोसावी लागते.