उजेड पडला की काळी होणारी काच

वेल्डिंगच्या वर्गात नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी मी होल्डर कुणाच्या हातात देत नाही. हेल्मेट देतो आणि त्याच्या काचेसमोर लायटर पेटवतो. फिकट हिरवी, आरपार दिसणारी काच तेवढ्याशा ज्योतीनं काळीकुट्ट होते. पोरं विचारतात, "सर, आत पडदा आहे का?"

पडदाच, पण न हलणारा. पोलरायझर म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड जाऊ देणारी पातळ फिल्म. असे दोन पोलरायझर एकमेकांशी काटकोनात लावले तर उजेड अडतो. त्यांच्यामध्ये द्रव स्फटिकाचा पातळ थर असतो. कॅल्क्युलेटरच्या पडद्यात असतो तसाच. त्याचे रेणू गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे वळत गेलेले असतात. उजेडालाही ते तसाच पीळ देतात, म्हणून तो पलीकडे निघतो. विजेचा दाब मिळाला की रेणू ताठ उभे राहतात, पीळ जातो आणि वाट बंद होते. हा दाब कधी द्यायचा ते वेल्डिंगच्या आर्कचा उजेडच ठरवतो. काचेजवळचे सेन्सर तो टिपतात. चांगल्या हेल्मेटमध्ये हे सगळं सेकंदाच्या २५,००० व्या भागात उरकतं. पापणी मिटायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो.

स्वीडनच्या ओके हॉर्नेल यांनी १९८१ साली असं हेल्मेट बाजारात आणलं. मी शिकलो ते मात्र हातात धरायच्या काळ्या काचेवर. आर्क पेटेपर्यंत तिच्यातून काही दिसत नाही, म्हणून टाके मारताना आम्ही काच बाजूला ठेवायचो, डोळे मिटून मान फिरवायचो. एका संध्याकाळी ३०-४० टाके तसेच मारले. मध्यरात्री डोळ्यांत रेती भरल्यासारखं झालं, पाणी थांबेना. आई पहाटेपर्यंत उशाशी बसून बटाट्याच्या चकत्या बदलत होती. ती रात्र माझ्या एकाही पोराच्या वाट्याला येऊ नये.

आर्कमधल्या अतिनील किरणांनी डोळ्याचा पृष्ठभाग भाजतो. हे किरण अडवणारा फिल्टर काचेवर वेगळाच असतो. काच उजळ असो की काळी, तो कायम काम करतो. बॅटरी संपली तर डोळे दिपतील, पण तसे भाजणार नाहीत. तरी काम तिथंच थांबवायचं.

खरी अडचण कोपऱ्यात येते. पाइपाच्या आडोशाला सेन्सर गेला की त्याला आर्क दिसतच नाही आणि काच उघडी राहते. कमी अँपिअरच्या टिग वेल्डिंगलाही कधी कधी असं होतं. म्हणून रोज सकाळी आधी सेन्सरवर उडालेले ठिपके पुसायचे, लायटर पेटवून काच काळी होते का बघायची, मग रॉड उचलायचा.